चित्र कोणी उघडावे? : संगणकातील पूर्वनिर्धारित निवडीचा प्रश्न

(म्हैसूर शहराच्या विजयनगर वसाहतीत मराठी भाषक कुटुंबांच्या एका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा हा संपादित मजकूर आहे.)



म्हैसुरात राहणाऱ्या आपणां सर्वांनी जगनमोहन राजवाड्यातील एक चित्र निश्चितच पाहिले असेल. हातात दिवा घेतलेली, एका तळव्याने ज्योतीला आडोसा करणारी, साडी नेसलेली तरुणी आणि बोटांच्या फटींतून पाझरणारा तो तांबूस उजेड. पाहुणे आले की आपण त्यांना हे चित्र आवर्जून दाखवितो. बहुतेक पाहुणे खालची पाटी वाचण्याआधीच म्हणतात, "अर्थात, रविवर्मा!" वस्तुतः ते चित्र राजा रविवर्म्याचे नाही. ते सावंतवाडीचे सुपुत्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास काढलेले जलरंगचित्र आहे आणि त्यासाठी त्यांच्यासमोर उभी राहिली ती त्यांची स्वतःची कन्या. आपण मराठी माणसांनी तरी ही चूक करू नये, परंतु मीही पहिल्या भेटीत ती केली होती, हे प्रामाणिकपणे सांगतो.

ही चूक अज्ञानातून होते, एवढेच म्हणणे पुरेसे नाही. जुने भारतीय चित्र, राजवाडा, साडीतील स्त्री एवढी सामग्री समोर आली की मन विचार करण्याचा त्रास घेत नाही. आधीपासून ठरून बसलेले एक नाव ते पुढे करते. संगणकाच्या परिभाषेत यालाच 'डिफॉल्ट' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'पूर्वनिर्धारित' हा शब्द आता बऱ्यापैकी रुळला आहे. (बँकेत नोकरी केलेल्या मंडळींना 'डिफॉल्ट' म्हटले की थकलेले कर्जच आठवते, म्हणून आज मी मराठी शब्दच वापरीन.) वापरणाऱ्याने काहीही निवडले नाही, तर त्याच्या वतीने जी निवड आधीच करून ठेवलेली असते ती पूर्वनिर्धारित निवड. संगणकावरील छायाचित्रावर आपण दोनदा टिचकी मारतो तेव्हा ते कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडावे, हे असेच कोणीतरी आधी ठरविलेले असते. हा विषय आजच्या व्याख्यानासाठी फार लहान आहे, असे आयोजकांपैकी काहींना वाटले. मलाही काही वर्षांपूर्वी तसेच वाटले असते.

माझे मत बदलले ते घरातील एका घटनेमुळे. आमच्या आजोबांच्या पेटीत मोडी लिपीतील काही कागद होते. जमिनीचे हिशेब, दोन-तीन पत्रे आणि एक शिक्क्याचा कागद. वाळवी लागण्याच्या बेतात असताना मी ते सारे स्कॅन करून घेतले आणि मूळ कागद गावी पाठवून दिले. तेथे एका पावसाळ्यात छत गळले आणि पेटीत पाणी शिरले. म्हणजे उरल्या त्या केवळ संगणकावरील प्रतिमा. पुढे एका अभ्यासकांना शिक्क्याचा कागद ई-मेलने पाठवायचा होता. माझ्या पुतण्याने फाईलवर दोनदा टिचकी मारली. संगणकावर प्रतिमा दाखविणारा प्रोग्रॅम नव्हे, तर प्रतिमा संपादित करणारा प्रोग्रॅम पूर्वनिर्धारित होता. त्याने कडा कापल्या, आकार लहान केला, 'सेव्ह' केले आणि फाईल पाठविली. "काका, पाठवली. एकदम छोटी करून पाठवली," असे त्याने मोठ्या उत्साहाने सांगितले. अभ्यासकांचे उत्तर आले की शिक्क्यातील अक्षरे लागत नाहीत, कृपया मूळ प्रतिमा पाठवावी. मूळ प्रतिमा तीच होती. तिच्यावरच लहान प्रतिमा कायमची लिहिली गेली होती.

पुतण्याला मी दोष दिला नाही. प्रतिमा पाहण्याची इच्छा असणाऱ्याच्या हाती संगणकाने कात्री दिली होती आणि ती व्यवस्था मीच कधीतरी नवा प्रोग्रॅम बसविताना, प्रश्न न वाचता 'होय' म्हणून, मान्य केली होती.

आठ गुणिले आठ

येथे नेमके काय हरवते, हे थोडे तपशिलाने पाहू. ए-फोर आकाराचा कागद इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केला तर २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदूंची प्रतिमा तयार होते. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर ही फाईल सुमारे २५ मेगाबाइटची होईल. तीच प्रतिमा ५० किलोबाइटवर आणायची म्हणजे पाचशे भागांतील एकच भाग ठेवायचा. पाचशेतील चारशे नव्व्याण्णव भाग गाळून बाकीच्यातून चित्र ओळखता यावे, ही किमया ज्या पद्धतीने होते ती 'जेपेग' पद्धत १९९२ पासून जगभर प्रमाण मानली जाते.

या पद्धतीच्या मुळाशी असलेले गणित आपल्या परिसराशी नाते सांगते. 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' नावाचे हे तंत्र नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरचा. तेथील विश्वेश्वरय्यांनी स्थापन केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी १९६१ साली पदवी घेतली. बंगळूर विद्यापीठ तेव्हा अस्तित्वातच नव्हते आणि ते महाविद्यालय आपल्या म्हैसूर विद्यापीठाचे होते. आज आपल्या भ्रमणध्वनीतून जे छायाचित्र नातवंडांना जाते त्यात या पदवीधराच्या बुद्धीचा वाटा आहे, हे म्हैसूरकरांनाही फारसे ठाऊक नसते.

जेपेग पद्धतीत प्रतिमेचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातील चौसष्ट मूल्यांचे रूपांतर करून स्थूल फरक आणि सूक्ष्म फरक वेगळे केले जातात. मानवी डोळ्याला जे सूक्ष्म फरक फारसे जाणवत नाहीत त्यांची मूल्ये ढोबळ केली जातात. निसर्गदृश्यात हे कळतही नाही. परंतु बोरूने लिहिलेल्या मोडीत अक्षराची ओळख बारीक वळणावर आणि शाईच्या धारदार कडेवर अवलंबून असते. जेपेग जे गाळते ते नेमके तेच. शिवाय अशी फाईल उघडून, थोडा फेरफार करून पुन्हा साठविली की पुन्हा नवी गाळणी लागते. बिंदूंची संख्याच कमी केली असेल तर गेलेला तपशील कोणत्याही युक्तीने परत येत नाही. आजकालची काही साधने अस्पष्ट प्रतिमा 'स्पष्ट' करून देतात. ती गेलेले अक्षर शोधत नाहीत, संभाव्य अक्षर रंगवितात. दस्तऐवजाच्या बाबतीत हे अधिकच धोक्याचे आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की घरातील असो वा कार्यालयातील, प्रत्येक संगणकावर दोनदा टिचकी मारल्यावर चित्र केवळ दाखविणारा प्रोग्रॅम उघडावा. संपादनाचा प्रोग्रॅम जाणीवपूर्वक वेगळ्या मार्गाने उघडावा. जी प्रतिमा जपायची आहे ती टिफ किंवा पीएनजीसारख्या, तपशील न गाळणाऱ्या पद्धतीत साठवावी आणि तिची एक प्रत दुसरीकडे ठेवावी.

एक प्रश्न, दोन क्रियापदे

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. येथेच चौथ्या टप्प्यात राहणाऱ्या आमच्या एका भगिनी घरच्या घरी अर्ज भरून देण्याचे आणि छायाचित्रे नीट करून देण्याचे काम करतात. त्यांनी मला विचारले, "काका, मी सेटिंगमध्ये जाऊन प्रोग्रॅम बदलला, तरी 'एडिट' म्हटलं की पेंटच उघडतो. असं का?" प्रश्न अत्यंत मार्मिक आहे. संगणक दुरुस्त करणाऱ्या पुष्कळांना त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून मी त्यावर थोडा अधिक वेळ घेणार आहे.

विंडोज प्रणाली फाईलचा प्रकार तिच्या नावाच्या शेवटच्या भागावरून ओळखते. '.जेपीजी' या शेपटीची नोंद रजिस्ट्री नावाच्या अंतर्गत नोंदवहीत असते. त्या नोंदीखाली प्रोग्रॅमचे एकच नाव नसते, तर क्रियापदे असतात. 'ओपन' हे एक क्रियापद, 'एडिट' हे दुसरे, 'प्रिंट' हे तिसरे. प्रत्येक क्रियापदापुढे कोणता प्रोग्रॅम चालवायचा त्याची आज्ञा लिहिलेली असते. आपण सेटिंग्जमधील 'डिफॉल्ट अ‍ॅप्स' या विभागात जो बदल करतो तो 'ओपन' या क्रियापदापुरता असतो. 'एडिट' हे क्रियापद सर्व प्रतिमांसाठी मिळून वेगळ्या ठिकाणी नोंदलेले असते आणि विंडोजच्या अनेक आवृत्त्यांत तेथे पेंटचेच नाव असते. १९८५ सालच्या पहिल्या विंडोजबरोबर पेंट आला आणि चाळीस वर्षे त्याने ती जागा सोडली नाही. म्हणजे या भगिनींचे काही चुकलेले नव्हते. त्यांनी एका दाराचे कुलूप बदलले होते, लोक मात्र दुसऱ्या दाराने आत येत होते.

'एडिट'ची ती नोंद रजिस्ट्रीत शिरून बदलता येते. तथापि नोंदवहीतील एका चुकीच्या ओळीने अन्य प्रोग्रॅम बिघडू शकतात, म्हणून प्रथम त्या भागाची प्रत काढून ठेवल्याशिवाय कोणी त्यात हात घालू नये. त्याहून सोपा मार्ग आहे. फाईलवर उजवी टिचकी मारल्यावर 'सेंड टू' नावाची यादी दिसते. त्या यादीचा एक साधा फोल्डर असतो. 'रन'च्या चौकटीत 'शेल', अपूर्णविराम आणि लगोलग 'सेंडटू' असे रोमन लिपीत लिहिले की तो उघडतो. आपल्याला हव्या त्या संपादन-प्रोग्रॅमचा शॉर्टकट त्यात ठेवला की काम झाले. यापुढे दोनदा टिचकी मारली तर चित्र दिसेल, 'सेंड टू'मधून पाठविले तर संपादन होईल. या भगिनींकडे आम्ही हेच केले.

ज्यांना 'ओपन'च बदलायचे आहे त्यांनी फाईलवर उजवी टिचकी मारून 'ओपन विथ' निवडावे, हवा तो प्रोग्रॅम दाखवावा आणि 'नेहमी' हा पर्याय स्वीकारावा. जेपीजी, पीएनजी, टिफ हे निरनिराळे प्रकार आहेत, त्यामुळे प्रत्येकासाठी हे वेगळे करावे लागते. एकाचे केले की सर्वांचे झाले, असे समजून अनेक जण फसतात. मॅकवर 'गेट इन्फो' या चौकटीत प्रोग्रॅम निवडून 'चेंज ऑल' म्हणावे लागते. लिनक्सवर फाईलच्या गुणधर्मांत ही सोय असते आणि ती निवड वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमधील एका साध्या मजकूर-फाईलमध्ये लिहिली जाते. ती कोणीही वाचू शकतो, हा तिचा मला आवडणारा गुण.

विंडोज एक्सपीच्या काळात नवा प्रोग्रॅम बसविला की तो गुपचूप सर्व प्रतिमा आपल्या नावावर करून घेई. मग जुना प्रोग्रॅम उघडला की तो त्या पुन्हा स्वतःकडे ओढी. २०१२ च्या विंडोज ८ पासून वापरणाऱ्याच्या निवडीची नोंद अशा खुणेसह साठविली जाऊ लागली की अन्य प्रोग्रॅमला ती परस्पर बदलणे अवघड व्हावे. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु त्याचबरोबर बदलाची किल्ली प्रणाली तयार करणाऱ्याच्या हाती अधिक घट्ट गेली, हेही नमूद करावयास हवे.

निवड नेमकी कोणाची?

पूर्वनिर्धारित निवडीचे सामर्थ्य संगणकापुरते नाही. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन यांनी २००३ साली युरोपातील अवयवदानाच्या संमतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. जर्मनीत स्वतःहून होकार द्यावा लागे, तेथे संमती सुमारे १२ टक्के होती. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार न दिल्यास होकार धरला जाई, तेथे ती ९९ टक्क्यांच्याही वर होती. दोन शेजारी देशांतील माणसांच्या स्वभावात एवढे अंतर नक्कीच नव्हते. अंतर होते ते कोरा अर्ज काय गृहीत धरतो याचे.

बाजारपेठेला हे केव्हाच उमगले आहे. विंडोजबरोबर मीडिया प्लेअर जोडून दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९७ दशलक्ष युरोंचा दंड केला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइड भ्रमणध्वनींच्या संदर्भात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आधीच बसवून दिलेली अ‍ॅप्स आणि आधीच ठरवून दिलेला शोध हा त्या प्रकरणातील एक प्रमुख मुद्दा होता. प्रतिमा-संपादनाच्या बाबतीत असा खटला कधी झाला नाही, कारण ज्या प्रोग्रॅमने हे क्षेत्र व्यापले तो कोणी संगणकाबरोबर फुकट देत नव्हता. फोटोशॉपची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये आली आणि दहा-पंधरा वर्षांत छायाचित्र सुधारणे या क्रियेलाच त्याचे नाव मिळाले. ही पूर्वनिर्धारित निवड संगणकात नव्हती, आपल्या प्रशिक्षण-वर्गांत, नोकरीच्या जाहिरातींत आणि बोलण्यात होती.

यातून एक अवघड परिस्थिती निर्माण झाली. तालुक्याच्या गावी छायाचित्रांचे दुकान किंवा सेवा केंद्र चालविणाऱ्या तरुणाला हा प्रोग्रॅम विकत घेणे परवडत नसे आणि त्याच्याशिवाय काम चालणार नाही अशी त्याची समजूत करून दिलेली असे. मग तबकडीवरून आलेली अनधिकृत प्रत वापरली जाई. २०१३ पासून ॲडोबीने नव्या आवृत्त्या एकरकमी विकणे थांबवून वर्गणीची पद्धत स्वीकारली. त्यामुळे खर्च थोडा-थोडा झाला, पण कायमचा झाला. अनधिकृत प्रतीबद्दल आपण सहजतेने बोलतो, म्हणून कायदा सांगतो. स्वामित्वहक्क कायद्याच्या ६३-ब कलमान्वये संगणक प्रोग्रॅमची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दिवसाला पाच-पंचवीस अर्ज भरून देणाऱ्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार असणे योग्य नाही. शिवाय अशा प्रतींबरोबर येणारे विषाणू नागरिकांच्या कागदपत्रांपर्यंत पोहोचतात, हा धोका वेगळाच.

आणि त्याला काम तरी कोणते असते? बँकांच्या सामाईक भरती परीक्षेच्या अर्जासाठी छायाचित्र २०० गुणिले २३० बिंदूंचे आणि २० ते ५० किलोबाइटचे, तर स्वाक्षरी १४० गुणिले ६० बिंदूंची आणि १० ते २० किलोबाइटची हवी असते. चित्र सरळ करणे, कापणे, उजेड वाढविणे, ठरावीक आकारात बसविणे, बस्स. अर्ज नाकारला गेला तर त्या उमेदवाराचे वर्ष वाया जाते, म्हणून हे काम किरकोळ समजू नये. परंतु त्यासाठी जगातील सर्वांत सामर्थ्यवान संपादन-प्रोग्रॅम मुळीच आवश्यक नाही.

बदलाची किंमत

पर्याय अनेक आहेत. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे 'गिंप'. स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये तो लिहिण्यास प्रारंभ केला. मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली. तो विनामूल्य आहे, त्याची संहिता खुली आहे आणि तो विंडोजवरही चालतो. पुतण्याच्या प्रकरणानंतर मला त्याची एक खोड फार मोलाची वाटू लागली. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून त्यात जेपीजी फाईल उघडून 'सेव्ह' म्हटले तर तो मूळ फाईलला हात लावत नाही. आपले काम स्वतःच्या वेगळ्या प्रकारात साठवितो. जेपीजी हवी असेल तर 'एक्स्पोर्ट' करावे लागते आणि मूळ फाईलच बदलायची असेल तर ते तसे वेगळे सांगावे लागते. या बदलावर तेव्हा वापरणाऱ्यांनी बरीच नाराजी व्यक्त केली. रोज शंभर छायाचित्रे कापणाऱ्याला ती एक जास्तीची पायरी खटकणारच. माझ्या घरात मात्र ती पायरी असती तर शिक्क्याचा कागद वाचला असता.

पण खुल्या प्रोग्रॅमची निवडही डोळे मिटून करू नये. उबुंटू या लिनक्स-आवृत्तीच्या कर्त्यांनी एप्रिल २०१० च्या आवृत्तीतून गिंपला पूर्वनिर्धारित यादीतून वगळले. एका तबकडीवर मावणारी जागा अपुरी होती, हे एक कारण. सामान्य माणसाला छायाचित्र फिरवायचे आणि कापायचे असते, त्यासाठी एवढा गुंतागुंतीचा प्रोग्रॅम समोर ठेवणे योग्य नाही, हे दुसरे. ज्याला हवा त्याने तो नंतर विनामूल्य उतरवून घ्यावा, असे त्यांनी ठरविले. खुल्या संहितेच्या चाहत्यांना तो निर्णय झोंबला. मला तो रास्त वाटतो.

शाळांच्या बाबतीत केरळचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. तेथील 'आयटी@स्कूल' प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला, पुढे तो खुल्या प्रणालीकडे वळला आणि २०१७ मध्ये त्याचे 'काइट' या संस्थेत रूपांतर झाले. तेथील शालेय पाठ्यपुस्तकांत गिंप आणि इंकस्केप शिकविले जातात. म्हणजे एका राज्याने संपूर्ण पिढीसाठी पूर्वनिर्धारित निवड जाणीवपूर्वक बदलली आणि ती केवळ आदेश काढून बदलली नाही. पुस्तके, शिक्षक-प्रशिक्षण आणि परीक्षा या तिन्ही गोष्टी त्याबरोबर बदलल्या. केंद्र शासनाच्या २०१५ च्या खुल्या संहितेविषयीच्या धोरणानेही शासकीय संस्थांना निविदा काढताना, पुरवठादारांनी खुल्या पर्यायाचा विचार करावा आणि तो वगळल्यास कारण द्यावे, अशी अट घालणे बंधनकारक केले. धोरण उत्तम आहे. मात्र कार्यालयातील लिपिकाच्या संगणकावर कोणता प्रोग्रॅम उघडतो, हे बहुधा संगणक बसवून देणारा मुलगाच ठरवितो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. छपाईसाठी लागणारी चार शाईंची रंगपद्धती गिंपमध्ये अद्याप पूर्णपणे नाही. मुद्रणालयाशी व्यवहार असणाऱ्याला ती अडचण रोज येते. फोटोशॉपच्या थर असलेल्या फाईली त्यात नेहमी जशाच्या तशा उघडत नाहीत. शहरातील स्टुडिओत नोकरी मागणाऱ्याला आजही फोटोशॉप येणे आवश्यक ठरते. म्हणून प्रशिक्षण देताना मेनूतील पायऱ्या घोकून घेण्याऐवजी थर, मुखवटा, वक्ररेषेने उजेडाचे नियंत्रण या कल्पना शिकवाव्यात. त्या दोन्हींकडे सारख्याच आहेत. माझ्या विद्यार्थ्यांनी गिंपवर पहिले दोन आठवडे कुरकुर केली, हे मी लपवीत नाही.

देवनागरीची अडचण

आपण मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत वावरणारी माणसे आहोत, म्हणून या अंगाचा उल्लेख करतो. युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहेत. तरीही बराच काळ प्रमुख व्यावसायिक प्रतिमा-संपादन प्रोग्रॅमांत युनिकोड मराठी मजकूर टाकला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडे आणि जोडाक्षरे फुटत. अक्षरे कोड म्हणून साठविणे आणि ती योग्य आकारात जुळवून दाखविणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांतील दुसरे या प्रोग्रॅमांना येत नव्हते. परिणामी फलक, पत्रिका आणि कार्यालयीन जाहिराती रचणारे जुन्या पद्धतीच्या, युनिकोडशी न जुळणाऱ्या फाँटांना चिकटून राहिले. कर्नाटकात 'नुडी'च्या जुन्या फाँटांबाबत हेच घडले. फलकावर टंकलिखित केलेला मजकूर संकेतस्थळावर नेला की त्याची रोमन अक्षरांची खिचडी होई आणि तोच मजकूर पुन्हा टंकलिखित करावा लागे. शासकीय माहितीच्या प्रसारात यामुळे किती श्रम वाया गेले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

गिंपने मार्च २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मजकुरासाठी 'पँगो' ही खुली संहिता वापरली. ती भारतीय लिप्यांची जुळणी करू शकत होती. त्यामुळे फुकटच्या प्रोग्रॅमात वेलांटी योग्य जागी पडे आणि महागड्या प्रोग्रॅमात चुकीच्या जागी, असा विचित्र देखावा कित्येक वर्षे होता. पुढे ॲडोबीच्या प्रोग्रॅमांतही भारतीय लिप्यांच्या जुळणीची सोय आली. ती बराच काळ वेगळ्या सेटिंगमधून सुरू करावी लागे, हे ठाऊक नसल्याने अनेक रचनाकार जुन्या फाँटांतच काम करीत राहिले. पुन्हा तीच गोष्ट. सोय होती, परंतु पूर्वनिर्धारित नव्हती.

आपल्या म्हैसुरात १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान आहे. त्याचेच पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात मराठी शिकविते. भाषेची चिंता वाहणारी एवढी मोठी संस्था उंबरठ्याशी असताना आपल्या गृहनिर्माण संघाच्या सूचनाफलकावरील मराठी आणि कन्नड मजकूर तरी युनिकोडमध्ये रचावा, असे मला वाटते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले आहे. आपल्यापैकी अनेकांचे जुने संगणक नव्या विंडोजला चालणार नाहीत आणि त्यांतील काहींवर लिनक्स बसवावे लागेल. म्हणजे कोणती फाईल कोणी उघडावी, हा प्रश्न पुष्कळ घरांत नव्याने येणार आहे. पुढच्या रविवारी सकाळी याच सभागृहात आपण ते प्रत्यक्ष करून पाहू. ज्यांना आपले संगणक आणावयाचे आहेत त्यांनी ते अवश्य आणावेत. येताना घरातील जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रांच्या प्रतिमा आधी पेन ड्राइव्हवर उतरवून तो पेन ड्राइव्ह घरीच ठेवावा. माझ्या पुतण्यानेही येण्याचे कबूल केले आहे आणि प्रती काढून घेण्याचे काम त्याने स्वतःकडे मागून घेतले आहे.